एसी पण गेला, रेडिओ पण गेला! जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पहिले काय पाहायचं?

नमस्कार राजेहो!

मागे उभी आहे ती नव्वदच्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार. दोन दारं, बोनेट हे एवढं लांब. मॉडेल नाही सांगत, मालकाची तशी अट आहे. गाडीभोवती आधीच अर्धा गाव जमतो. तक्रारी दोन. एसी थंड करत नाही, आणि रेडिओ चालता चालता मरतो, मग आपोआप जिता होतो. हिंगणघाटपासून वणीपर्यंत ज्याला दाखवली त्याचं उत्तर एकच: "भाऊ, गॅस भरा अन् टेप नवा टाका."

थांबा बाप्पा! एसी आणि रेडिओ एकाच सुमारास बिघडले, तर पहिला संशय दोघांच्या सामाईक गोष्टींवर घ्यायचा. म्हणजे करंट कुठून येतो आणि अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, कुठं जाते. डॅशबोर्डमध्ये दोघं शेजारी बसतात, अन् बऱ्याच गाड्यांत त्यांच्या काळ्या वायरी एकाच बोल्टवर जातात. म्हणून सुरुवात मल्टीमीटरपासून, गॅसच्या सिलिंडरपासून नाही.

डॅशबोर्ड खोलायच्या आधी चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दोन-तीन मिनिटं हात बांधून उभे राहा. या वयाच्या गाड्यांत एअरबॅग असू शकते, तिच्या मॉड्यूलमध्ये थोडा वेळ करंट साठलेला असतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही, मीटर तर अजिबात नाही. आणि रेडिओ कोडवाला असेल, युरोपियन गाड्यांत हे फार, तर बॅटरी काढायच्या आधी कोड हातात पाहिजे. नाहीतर रेडिओ चांगला असूनही कुलूप लावून बसतो.

[क्लोजअप: मीटरचा काटा नाही, आकडा दिसू दे]

आता बॅटरी परत जोडली, इंजिन चालू. बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट पाहिजेत, आहेत. ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, फुल्ल, हेडलाइट चालू. मीटरची एक पिन रेडिओच्या मागच्या काळ्या वायरीवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. काहून? तर लोड असतानाच कमजोर अर्थिंग उघडी पडते. मीटर कंटिन्युइटीवर (वायर जोडलेली आहे का एवढंच सांगतं ते) ठेवून "बीप आला, अर्थिंग ओके" म्हणणारे पुष्कळ आहेत. वायरीचा एक तार शाबूत असला तरी बीप येतो. इथं आकडा ०.१, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत चालतो. आपल्याला पाहा, ०.९. ब्लोअर बंद केला की उतरतो. म्हणजे ब्लोअरचा करंट अन् रेडिओचा करंट एकाच गंजलेल्या वाटेनं परत जाताहेत. ब्लोअर वाढवला की रेडिओ मरतो, त्याचं कारण हे.

बोल्ट सापडला पायाजवळ, साइड पॅनलच्या मागे. खाली हिरवट थर. खोलला, पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा केला, रिंग टर्मिनल घासलं, कसून लावलं. आकडा ०.०५. रेडिओ आता मरत नाही. नवा टेप घ्यायची गरजच नव्हती.

एसीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. ब्लोअरचा आवाज आहे, हवा कमी. गाडी वर्षभर कापसाच्या कोठ्यात उभी होती, तेव्हा मला अंदाज होताच. ग्लोव्ह बॉक्स काढला, ब्लोअर खाली घेतला, आणि हे बघा: रुई, सोयाबीनचं कुटार, सीटच्या फोमचे तुकडे. उंदराचा पूर्ण संसार! विदर्भात दिवाळीनंतर गाडी उभी ठेवणार असाल तर ताज्या हवेच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी लावा. आणि घरटं निघालं की त्याच भागातल्या वायरी बोटानं चाचपून घ्या, इन्सुलेशन कुरतडलेलं असतंच. बाहेरचा कंडेन्सर, म्हणजे एसीची समोरची जाळी, तीही पाहा. जिनिंगच्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत रुईची गादी तयार होते. ती हळू पाण्यानं आतून बाहेर धुवायची. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या झोपतात.

आता एसीचं पॅनल, म्हणजे डॅशबोर्डवरचा बटणं अन् डिस्प्लेवाला भाग. डिस्प्ले अर्धवट दिसतो, बटण दाबलं तर कधी ऐकतं, कधी नाही. त्या काळात, ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला, बोर्डवर जे छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर बसवले जायचे, त्यातले बरेच वयानुसार गळतात. आतलं रसायन तांब्याच्या रेघा खातं. ओळख सोपी आहे: कपॅसिटरच्या पायाशी मळकट चकाकी, सोल्डर काळवंडलेलं, आणि सोल्डरिंग आयर्न लावलं की सुक्या बोंबलासारखा वास. तो वास आला म्हणजे आता वाद नको, सगळेच कपॅसिटर बदला. एकच बदलून बाकीचे ठेवणं म्हणजे पुन्हा डॅशबोर्ड खोलायचं निमंत्रण. मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्रीचे घ्या. प्लस-मायनस उलटं लावू नका. बसवण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवा. जुनं रसायन खाली राहिलं तर रेघ खाणं चालूच. सुटे कपॅसिटर नागपुरात बर्डीवर मिळतात, किंमत चहा-पोह्याएवढी. हात बसलेला नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला बोर्ड द्या, गाडीच्या मेकॅनिकला नको.

ऑटो एसीवाल्यांसाठी एक गोष्ट. टोयोटाच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत ऑटो आणि रिसर्क्युलेशनची (आतलीच हवा फिरवायची) बटणं एकदम दाबून चावी ऑन केली की पॅनल स्वतःची तपासणी करतं आणि नंबर दाखवतं. २१ दिसला तर तो उन्हाचा सेन्सर. लगेच मागवू नका! गाडी अंधाऱ्या गोठ्यात असेल तर सेन्सर चांगला असूनही २१ येतो. गाडी उन्हात काढा, परत पाहा. ऊन आपल्याकडे कमी नाही.

हवा भरपूर येते पण कोमट? इंजिनाकडून हीटरला जाणारा पाण्याचा पाइप कपडा गुंडाळून हलकेच दाबा. हवा थंड व्हायला लागली तर गॅस ठीक आहे, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. आपल्या भागात हा दोष फार, कारण हीटर कोणी लावतच नाही. न हलणारी गोष्ट जाम होणारच. महिन्यातून एकदा नॉब पूर्ण गरमकडे नेऊन परत आणा. पाइप दाबूनही फरक नाही पडला तर आतला हवेचा फडका फिरवणारी छोटी मोटर पाहा.

आणि मगच गॅस. कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणारा भाग, ओढतच नसेल तर पहिले त्याच्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच. कमी गॅसवर प्रेशर स्विच मुद्दाम क्लच तोडतो. व्होल्ट येऊनही ओढत नसेल तर कॉइल किंवा क्लचमधलं अंतर. साधारण १९९४ च्या आधीची गाडी मूळ आर-१२ गॅसची असू शकते. भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्ये बंद झालं. आर-१३४ए वर न्यायची तर तेल, ओ-रिंग आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदलून, व्हॅक्यूम करूनच. जुन्या तेलावर नवा गॅस ढकलणारा स्वस्त पडतो, कॉम्प्रेसर नाही. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत जाळीतून १०-१२ ची हवा आली तरी गाडीचे आभार माना.

राहिला रेडिओ. जपानी सेटचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. नागपूरचं विविध भारती १००.६ वर, मग लागणार कसं? सेट खराब नाही, पट्टाच वेगळा. बँड एक्सपांडर नावाची डबी अँटेनाच्या वायरीत बसते. ती समजा २० मेगाहर्ट्झ खाली सरकवत असेल तर १००.६ तुम्हाला ८०.६ वर मिळेल. अमेरिकन सेटची गंमत निराळी: तो मीडियम वेव्हवर १० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, म्हणून आकाशवाणी नागपूरचं ५८५ त्याला ५८० आणि ५९० च्या मधे सापडतं, म्हणजे सापडतच नाही. काही सेटमध्ये मागे किंवा मेनूत ९-१० चा स्विच असतो, तो शोधा. दिवे लागतात पण आवाज नाही, तर डिकीतल्या ॲम्प्लिफायरला चालू करणारी निळी वायर कोणीतरी तोडलेली असते. इंजिनाच्या वेगाबरोबर कुंईं वाढत असेल तर परत अर्थिंगकडेच जा.

कमेंटमध्ये विचारताना साल, गाडी कोणत्या देशातून आली, ब्लोअर कोणत्या स्पीडवर चालतो आणि त्या काळ्या वायरीवर मीटर किती दाखवतो, एवढं लिहा. नुसतं "एसी चालत नाही भाऊ" लिहिलं तर मी पण "गॅस भरा" असंच लिहीन.