'ऑन द रोड': भांडण पुस्तकातच आहे

नमस्कार श्रोतेहो. आज एका अशा कादंबरीबद्दल बोलायचंय जिचं नाव काढलं की वाचणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. अमेरिकन लेखक जॅक केरुअ‍ॅकची 'ऑन द रोड'. एक तट म्हणतो हे पुस्तक वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, सॅक भरून निघालो. दुसरा म्हणतो पन्नास पानांत वैताग आला, चार रिकामटेकडी पोरं दारू पितात, गाडी हाणतात, बायकांना फसवतात आणि परत दारू पितात, ह्यात कादंबरी कुठाय? आता गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नाहीयेत, पुस्तकात हे सगळं आहेच.

आणि हे काही आजकालचं नाही हं. ५ सप्टेंबर १९५७ला पुस्तक आलं त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये गिल्बर्ट मिलस्टीननं त्याला डोक्यावर घेतलं, ही ऐतिहासिक घटना आहे वगैरे लिहिलं. असं म्हणतात की तिथला नेहमीचा समीक्षक सुट्टीवर होता म्हणून परीक्षण मिलस्टीनकडे आलं, नाहीतर पहिल्याच दिवशी सालटी निघाली असती. आणि थोड्याच दिवसांत त्याच पेपरच्या रविवारच्या पुरवणीत बराच थंडा सूर लागला. लेखक ट्रुमन कपोटी तर नंतर टीव्हीवर म्हणाला की हे लिहिणं नाही, टायपिंग आहे. हा टोमणा इतका चालला की पुस्तक न वाचलेले लोकही तो मारतात.

टायपिंगचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. एप्रिल १९५१, मॅनहॅटनमधली एक खोली, कागद बदलायला थांबायला नको म्हणून केरुअ‍ॅकनं कागद एकाला एक चिकटवून लांबलचक गुंडाळी केली, ती टाइपरायटरमध्ये घातली आणि तीन आठवड्यांत कादंबरी ठोकून काढली, परिच्छेद नाही काही नाही, साधारण १२० फूट लांब. शेवटचा तुकडा एका मित्राच्या कुत्र्यानं खाल्ला, ही थाप नाही, त्यानं स्वतः तशी नोंद करून ठेवलीय. २००१मध्ये लिलावात ही गुंडाळी चोवीस लाख डॉलर्सच्या वर गेली. पण ह्या दंतकथेनं दोन्ही तटांचं नुकसान केलंय असं माझं मत. फॅन मंडळींना वाटतं बसलं की झालं, आणि नाक मुरडणाऱ्यांना वाटतं तीन आठवड्यांत काय डोंबल होणार. त्याआधी काही वर्षं तो ह्याच गोष्टीशी झटत होता, वह्या भरत होता, सुरुवाती लिहून सोडून देत होता, आणि त्यानंतर छापून यायला सहा वर्षं लागली, त्यात फेरफार झाले, अब्रूनुकसानीच्या भीतीनं खऱ्या माणसांची नावं बदलली. तो स्वतः झाला सॅल पॅरडाइज, त्याचा भटकंतीतला मित्र नील कॅसडी झाला डीन मोरिआर्टी, कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग झाला कार्लो मार्क्स. हाच गिन्सबर्ग १९६२मध्ये मुंबईत उतरला होता आणि इथल्या कवींमध्ये उठबस करून गेला, तर अगदीच परका माणूस नाही तो.

बरं, पुस्तक सुरू कसं होतं? वेगाबद्दल एवढं ऐकून आपण उघडतो आणि सॅल निघतो तो थेट फजितीत. नकाशावर त्याला रूट सिक्सची लांब लाल रेघ दिसलेली असते, केप कॉडपासून पार नेवाडापर्यंत, आणि ह्यानं ठरवलेलं की एवढ्या एकाच रस्त्यानं जायचं. लिफ्ट मागत मागत हडसन नदीच्या काठानं बेअर माउंटनच्या पुलापाशी पोचतो, धो धो पाऊस, पायात मेक्सिकन चपला, ह्या रस्त्यावर गाड्या फिरकतच नाहीत. पेट्रोल पंपावर थांबलेला एक माणूस सांगतो, बाबा रे, इथून कोणी जात नाही. मग स्वारी परत न्यूयॉर्कला, तीही वीकेंडहून परतणाऱ्या शाळामास्तरणींच्या बसमधून, आणि तिथून बरेचसे पैसे घालवून बसनं शिकागो! ज्यांना हे पुस्तक आवडत नाही त्यांना मी नेहमी विचारतो, ही पानं तुम्ही हसत वाचली का? कारण बहुतेक जण गंभीर चेहऱ्यानं वाचतात, हे म्हणे बंडखोरीचं बायबल. अरे, बायबल कसलं, पहिल्याच दिवशी हीरो भिजून माघारी!

आणि ह्या पहिल्या प्रवासाच्या शेवटी तर तो टाइम्स स्क्वेअरमध्ये उभाय आणि घरी जायच्या बसपुरतेही पैसे नाहीत, एका पाद्र्याकडे हात पसरून एक नाणं मिळवतो, घरी येतो, फ्रिजमधलं असेल नसेल ते फस्त करतो आणि मावशी म्हणते, किती वाळलायस रे. पैसे संपले की मावशीला पत्र टाकायचं हे पुस्तकभर चालतं, त्यावरून लोक चिडतात. चिडण्यासारखंच आहे. पण लपवलंय कुठे त्यानं?

खरं दुखणं पुढे आहे. कॅलिफोर्नियात बसमध्ये त्याला टेरी भेटते, मेक्सिकन मुलगी, नवऱ्याला सोडून निघालेली, लहान मुलगा आहे. दोघं तंबूत राहतात, कापूस वेचतात, शंभर पौंडाला तीन डॉलर असा भाव, आणि सॅलची दिवसाची कमाई जेमतेम दीड डॉलर कारण त्याला वेचताच येत नाही, बोटं रक्ताळतात, टेरी आणि तिचं पोरगं त्याच्याहून जास्त वेचतात. मग थंडी पडायला लागते आणि ह्याला घर आठवतं. ती म्हणते न्यूयॉर्कला येईन, दोघांनाही माहितीय की ती येणार नाही. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींनी पुस्तक इथेच मिटलं, की ह्याचा प्रवास झाला, तिचा काय झाला? रास्त प्रश्न. ह्या टेरीमागची खरी बाई बी फ्रँको, तिला एका लेखकानं कितीतरी दशकांनी शोधून काढलं, तेव्हा ती एवढ्या गाजलेल्या पुस्तकात आहे हे तिच्या घरच्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

आणि डेन्व्हरचं ते पान. संध्याकाळी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून फिरताना सॅलला वाटतं की आपण गोरे नसतो तर किती बरं, इथे किती आनंद आहे, किती जगणं आहे. १९४९ची अमेरिका, बसमध्ये कोणी कुठे बसायचं ह्याचे कायदे दक्षिणेतल्या राज्यांत चालू, आणि हे स्वप्नरंजन! कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविननं १९६१मध्ये ह्याची चांगलीच हजेरी घेतली, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, हार्लेमच्या अपोलो थिएटरच्या स्टेजवर हा उतारा मोठ्यानं वाचायची वेळ केरुअ‍ॅकवर आली तर त्याच्या जागी असणं नको रे बाबा, अशा अर्थाचं लिहिलं. ह्या पानाचा बचाव करायच्या भानगडीत मी पडणार नाही.

पण श्रोतेहो, माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे सॅन फ्रान्सिस्कोचा, तो वाचा. डीनचा अंगठा बँडेजमध्ये, का, तर मेरीलूला, म्हणजे पहिल्या बायकोला, मारताना मोडला, मग चिघळला, टोक कापावं लागलं. कॅमिलनं, म्हणजे आताच्या बायकोनं, त्याला आणि सॅलला दोघांनाही घराबाहेर काढलंय, ती पुन्हा गरोदर आहे. हे दोघं जातात गॅलेटिया डंकेलकडे, तिच्या नवऱ्यानं आणि डीननं मिळून तिला आधी टूसानच्या हॉटेलात सोडून पळ काढलेला, तिचे पैसे संपले म्हणून. आणि ही गॅलेटिया सगळ्यांसमोर डीनची अशी काही खरडपट्टी काढते की तुला स्वतःच्या मजेपलीकडे काही दिसत नाही, पोरं आहेत, बायको रडतेय, तुला शरम आहे का. बाकीच्या बायका बसून बघतायत. डीन नुसता घामाघूम, खिदळतोय, बँडेज मळलेलं.

आज ह्या पुस्तकावर जे जे आक्षेप घेतले जातात त्यातले निम्मे गॅलेटिया त्या खोलीत बोलून मोकळी होते, आणि केरुअ‍ॅक तिला मधे तोडत नाही! सॅल मात्र डीनची बाजू घेतो, त्याच्यापाशी असं काहीतरी आहे जे आपण सगळे शोधतोय म्हणतो, पण डीन काय करतो ह्याला उत्तर त्याच्याकडेही नाही. मग मेक्सिको सिटीत सॅल तापानं फणफणलेला, हगवणीनं आडवा, आणि डीन घटस्फोटाचे कागद घेऊन निघून जातो. म्हणजे गॅलेटियाच्या रांगेत आता सॅलचाही नंबर. जे वाचक म्हणतात की लेखक डीनला देव मानतो त्यांनी हे पान कसं वाचलं कोण जाणे, आणि जे डीनला देव मानून स्वतः सॅक भरतात त्यांनी तर बहुतेक वाचलंच नसावं.

वयाचं कारण लोक पटकन पुढे करतात, की विशीत आवडतं, चाळिशीत नाही. मला नाही पटत. गॅलेटिया तरुणच आहे की. प्रश्न वयाचा कमी आणि त्या खोलीत तुम्ही कुठल्या खुर्चीत बसलायत ह्याचा जास्त. खऱ्या आयुष्यातल्या कॅमिलनं, कॅरोलिन कॅसडीनं, १९९०मध्ये 'ऑफ द रोड' नावाचं स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते ह्याच्या जोडीनं वाचलं तर सॅलनं कुठे कुठे डोळेझाक केलीय ते कळतं.

कंटाळ्याचं मात्र मी मान्य करतो. दुसरा भाग लांबलाय, त्याच पार्ट्या, तेच जॅझ, तेच 'यस यस' करत डीनचं उड्या मारणं, तिथे वीसेक पानं सोडलीत तरी कोणी विचारायला येणार नाही.

आणि हो, पहिल्यांदाच वाचणार असाल तर १९५७चीच आवृत्ती घ्या, २००७मध्ये ती मूळ गुंडाळीही छापून आलीय पण तिच्यात परिच्छेद नाहीत, दम लागतो, ती नंतर. वेळ संपत आलीय, पुढच्या खेपेला दुसरं पुस्तक. नमस्कार.