गाविलगडाची उत्तर बाजू

नमस्कार श्रोतेहो. चिखलदऱ्याला येणारी बरीच मंडळी पॉइंट बघतात, कॉफी पितात आणि उतरतात. जवळच्या गाविलगडाच्या वाट्याला उरलासुरला अर्धा तास येतो. या गडाला एक सबंध सकाळ द्या.

दक्षिणेला, परतवाड्याच्या बाजूनं गडाकडे पाहिलं की नुसते उभे कडे दिसतात. तिथून जड तोफा चढवणं अशक्यच. उत्तरेला मात्र जमिनीची चिंचोळी पट्टी गडाला चिखलदऱ्याच्या पठाराशी जोडते. म्हणून याच बाजूला दुहेरी बंदोबस्त आहे: आधी बाहेरचा किल्ला, मग आतला. आपण गडात शिरतो तेही इथूनच.

गड तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. आडगावला त्यांच्याशी झालेल्या लढाईनंतर 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी हीच कच्ची बाजू हेरली. त्यांचा सेनापती वेलस्ली यानं दक्षिणेकडून हूल दिली आणि स्टीव्हन्सनच्या फौजेनं 7 ते 12 डिसेंबर या दिवसांत मेळघाटाच्या डोंगरांतून तोफा ओढत उत्तर गाठली. 15 तारखेला बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला. आतल्या किल्ल्याचा तट मात्र शाबूत होता. शेवटी इंग्रजांचे काही शिपाई शिड्या लावून चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. दोन तटांमधल्या दरीशी थांबून हे आठवा. नुसते दगड पाहून ही लढाई कळत नाही.

दिल्ली दरवाजावरचं कोरीवकाम सावकाश बघा. गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, सिंह, हत्ती. आत तलाव, तोफा, मोठी मशीद आणि तिच्या कोपऱ्यावरची दगडी जाळीची सुंदर छत्री.

आता जाण्याचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय सटकतो. पाऊस सरल्यावरही कमरेएवढं गवत उभं असतं, त्याखाली खड्डे अन् ढासळलेले दगड लपतात. म्हणून मळलेली पायवाट सोडू नका, तटाच्या कडेवर चढू नका. माणशी दोन लिटर पाणी घ्या. तलावाचं पिऊ नका. कमानीत आग्यामोहोळ दिसलं तर विडी, अगरबत्ती काही पेटवू नका. हा अस्वलांचा मुलूख आहे, तेव्हा लहान पोरांना पुढं पळू देऊ नका आणि उन्हं कलायच्या आत बाहेर पडा. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या.