टाक्यापासून तंबूपर्यंत: घडीचा पाण्याचा कॅन

(दृश्य: हरिश्चंद्रगड, मंदिराजवळची कातळटाकी)

हरिश्चंद्रगडावर पिण्याचं पाणी मंदिराजवळच्या टाक्यांत, तंबू मात्र बहुतेकांना कोकणकड्याकडे हवा असतो. मधे १५-२० मिनिटांची चाल. (हा अभयारण्याचा भाग आहे, मुक्कामाचे नियम आधी वनखात्याकडे विचारून घ्या.) चहा, खिचडी, पिणं, भांडी मिळून माणशी ३ लिटर धरले, तर चौघांना १२ लिटर लागतात. म्हणजे १२ किलो वजन. ते एकाच कॅनमध्ये भरलं की एक खांदा खाली ओढला जातो आणि कातळावर पाय घसरतो. त्यापेक्षा ६-६ लिटरचे दोन घ्या. एक फुटला तरी रात्र निभावते.

(दृश्य: दोन प्रकारचे कॅन शेजारी शेजारी)

पेटीच्या भात्यासारखा मिटणारा हा कॅन पॉलिथिनचा. स्वस्त, आणि भरला की नीट उभा राहतो. पण याच्या घड्या जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे बघा. दर वेळी त्याच रेषेवर दुमडून प्लास्टिक पांढरं पडतं, मग तडकतं. पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही, चिकटपट्टी लावली तरी ती तात्पुरतीच. गाडीजवळच्या मुक्कामाला हा ठीक, गडावर नको.

दुसरी टीपीयूची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची, मऊ पिशवी. कशीही गुंडाळा, घडीवर चिरत नाही. बाहेरून नायलॉनचं कापड असलेलीच घ्या, कारण तोडलेल्या कारवीचे खुंट नुसत्या पातळ पिशवीला सहज भोक पाडतात. हिला पॅच मात्र व्यवस्थित बसतो, जागा कोरडी आणि स्वच्छ हवी.

तोंडाचा विचार दुकानात कुणी करत नाही, आणि टाक्यावर पहिली अडचण तिथेच येते. रिकामी पिशवी पाण्यात बुडवली तरी चपटीच राहते, पाणी आत शिरत नाही. आधी फुंकून फुगवा. पाणी खाली गेलेलं असेल तर मगानेच भरावं लागतं. तेव्हा हात जाईल एवढं रुंद तोंड हवं. तोंडावर चौपदरी फडकं धरलं की गाळ, शेवाळ बाहेर राहतं. जंतू त्याने अडत नाहीत, पाणी उकळा किंवा फिल्टर वापरा. काही फिल्टर थंडपेयाच्या बाटलीच्या २८ मिलिमीटर आट्यांवर बसतात. ते रुंद तोंडावर थेट बसणार नाहीत, झाकणातच तसे आटे आहेत का बघा.

गळती बहुतेकदा तोटीतून होते. तिचा रबरी वॉशर दुमडून बसतो किंवा धुताना हरवतो. एक जादा वॉशर सॅकमध्ये ठेवा. नवी पिशवी घरीच भरा, वर्तमानपत्रावर तोंड खाली करून ठेवा, वर दोन जाड पुस्तकं. सकाळी कागद ओला दिसला, तर ती दुकानात परत.

सॅकमध्ये ठेवताना हवा पूर्ण काढा, नाहीतर पाणी हिंदकळतं आणि तोल जातो.

(दृश्य: घरात उलटी टांगलेली पिशवी)

प्लास्टिकचा वास येत असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. वाळवताना आत लाकडी चमचा घाला, म्हणजे भिंती चिकटत नाहीत. पावसाळ्यात तरीही ओल राहतेच. मग निथळून सरळ फ्रीजरमध्ये टाका, बुरशी धरत नाही. काढल्यावर लगेच मात्र उलगडू नका, आधी प्लास्टिक मऊ होऊ द्या.