‘एफडीसारखंच’

नमस्कार श्रोतेहो.

बँकेत ‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’ म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींशी आज बोलायचंय. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकायला हरकत नाही. पेढे वाटून झाले असतीलच, आता पोर तिथे दिवसभर काय करते तेही कळू दे.

पहिली गंमत पदनामातच आहे. सेबी म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर नजर ठेवणारी नियामक संस्था. तिचे गुंतवणूक सल्लागारांबाबतचे नियम २०१३ सालचे. फी घेऊन सल्ला देणाऱ्याला त्याप्रमाणे सेबीकडे नोंदणी करावी लागते. शाखेतलं तुमचं टेबल बहुतेक वेळा वितरकाचं असतं. म्युच्युअल फंड आणि विमा विकायचा, कमिशन बँकेला जातं. म्हणून कार्डावर बरेचदा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ छापलेलं दिसतं. समोरच्या माणसाला या बारकाव्याशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी तुम्ही बँकेतले साहेब किंवा मॅडम, आणि बँकेतले साहेब खोटं कशाला सांगतील?

परीक्षेचं फार टेन्शन घेऊ नका. म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएम या सेबीच्याच प्रशिक्षण संस्थेची ‘व्ही-ए’ परीक्षा द्यावी लागते. १०० गुण, दोन तास, ५० गुणांना पास. मग अ‍ॅम्फीकडून, म्हणजे म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, ईयूआयएन नावाचा तुमचा ओळख क्रमांक मिळतो आणि तुम्ही भरून घेतलेल्या फॉर्मवर तो पडतो. कोणी विकलं ते कागदावर राहतं, एवढं लक्षात असू द्या. विम्याचं प्रशिक्षण आणि परीक्षा वेगळी.

अवघड असतो तो मार्च, वर्षाचं विक्रीचं टार्गेट पुरं करायचा महिना. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतात, “आज किती?” त्या प्रश्नाला तोंड कसं द्यायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

माझ्या पहिल्याच मार्चमधली गोष्ट. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर एफडीची पावती घेऊन आले. मुदत संपली होती, लाखभर रुपये होते. मी विम्याच्या पॉलिसीचा फॉर्म पुढे केला. काकांनी विचारलं, “साहेब, ही एफडीच ना?” मी म्हणालो, “एफडीसारखंच आहे, काका.” खोटं बोललो, असं त्या वेळी मला वाटलंसुद्धा नाही. काकांनी खिशातलं पेन काढून मी बोट ठेवीन तिथे सह्या केल्या. मॅनेजरने संध्याकाळी वडापाव मागवला.

पुढच्या वर्षी काका प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक आणि विमा कंपनीची नोटीस घेऊन आले. दुसरा हप्ता, पुन्हा लाखभर. त्यांना वाटलं होतं, पैसे एकदाच ठेवायचे. पॉलिसी परत करण्याची मुदत, जी तेव्हा पंधरा दिवसांची होती आणि आता तीस दिवसांची आहे, केव्हाच उलटली होती. पहिल्याच वर्षानंतर हप्ता थांबवला, तर त्या पॉलिसीत हाती काहीच येणार नव्हतं. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते नोटिशीची घडी घालत बसले.

तेव्हापासून फॉर्मला हात लावण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. हे पैसे कधी लागणार? घरात कमावणारं आणखी कोण? कर्ज किती? उत्तरं ऐकून पुष्कळदा असं दिसतं, की साठी ओलांडलेल्या या माणसाला सरकारची सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमच बरी. तिथे तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला हातात पडतं. आमच्या शाखेत टार्गेटच्या तक्त्यात तिला रकानाच नव्हता. मॅनेजरची बोलणी खाल्ली, एक बढतीही लांबली. ती लांबल्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही.

आणि हो, ‘सारखंच’ हा शब्द टेबलावर वापरू नका. एफडीवर बँक बुडाली तर व्याज धरून पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. म्युच्युअल फंडाला ते नाही. विम्याचा हप्ता वर्षानुवर्षं भरावा लागू शकतो. हे तिन्ही वेगळे कागद आहेत, ते वेगळेच सांगा. वेळ जातो, मागे रांग वाढते, वाढू दे.

ते काका पुढेही पेन्शन काढायला शाखेत यायचे. चष्मा घरी विसरला की विड्रॉल स्लिप माझ्याकडूनच भरून घ्यायचे. सही करण्याआधी मात्र पेन हातात धरून थांबायचे. “काय लिहिलंय, वाचा बरं.” दोन हजारांची स्लिप मी त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायचो.

नमस्कार.