गिरणगावातली तान्ही मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या चाळींत, माणसं कशानं मरत होती? आपल्याला पटकन आठवतो तो प्लेग. 1896 साली मांडवीत तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढे 1918 चा इन्फ्लुएंझा आला. त्यात 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 माणसं गेली. पण साथ येते तशी ओसरतेही. तान्ह्या मुलांची मरणं मात्र कधी ओसरलीच नाहीत, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

1921 मध्ये शहरातली जवळजवळ दोन तृतीयांश माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. कोपऱ्यात मोरी, चुलीचा धूर खोलीतच कोंडलेला, पाच-सात माणसं आणि एखादा पोटभाडेकरू. त्या वर्षी अशा एका खोलीच्या घरांत नोंदलेल्या हजार जन्मांमागे 828 अर्भकं दगावली. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हाच आकडा 133 होता. आता, पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर गावी जायच्या. जन्म तिकडे नोंदला जायचा आणि मृत्यू इथे, त्यामुळे 828 हा आकडा फुगलेला आहे. तो कितीही कमी करून धरला, तरी खोल्यांमधला हा फरक काही पुसला जात नाही.

आणि एक गोष्ट होती बाळागोळी. अफूची बारीकशी गोळी. गिरणीचा भोंगा झाला की आई ती बाळाच्या तोंडात घालायची आणि कामावर जायची. बाळ दिवसभर झोपून राहायचं. भूक लागली तरी रडायचं नाही, आणि रडलं नाही म्हणून त्याला कुणी पाजायचंही नाही. असं सुकत चाललेलं मूल खोकल्यानं नाहीतर हगवणीनं जायचं. मग नोंदवहीत कारण लिहिलं जायचं ‘अशक्तपणा’ किंवा ‘आकडी’. अफू, धूर, दहा तासांची पाळी यांना त्या वहीत रकानाच नव्हता.

त्या आईला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. खाडा केला तर मजुरी बुडायची, आणि पाळणाघर असलेल्या गिरण्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

1928 साली मुंबई कायदेमंडळात कामकरी बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणारं बिल आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. 1929 मध्ये कायदा झाला. निदान पहिले काही आठवडे तरी बाळाला आईच्या अंगावर पिता येणार होतं.