बारा वाजता घरी

मघाशी जिन्यात एका आईने मला थांबवून विचारलं, “मुलगा अडीच वर्षांचा आहे, रविवारी कुठे नेऊ?” मी विचारलं, तो दुपारी झोपतो किती वाजता? त्या म्हणाल्या, साडेबारा. मग बारा वाजता तो घरी हवा. आज मला जे सांगायचंय ते सगळं या वेळेभोवती आहे. ठिकाण मागाहून ठरवू.

हे मी फार वाईट दिवशी शिकले. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिला घारापुरीला नेलं. घरातून निघता निघता साडेदहा झाले. गेटवेला लाँचची रांग, तासाभराचा प्रवास, वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. त्रिमूर्तीसमोर उभे राहिलो तेव्हा दीड वाजला होता आणि ती माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. अंग तापलेलं, ओठ सुकलेले. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मूल असं कोरडं रडलं, की त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पायऱ्यांवरच्या एका दुकानवाल्या मावशींनी तिला सावलीत घेतलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, तेव्हा ती सावरली. तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

मुंबईचा पारा नागपूरसारखा चढत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तर अंग निवतं. आणि आपल्या दमट हवेत तो वाळत नाही. मुलाचं शरीर लहान, ते आपल्यापेक्षा लवकर तापतं. शिवाय ते चालतं आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, तापलेल्या डांबराच्या जवळ. एकदा खाली वाकून बघा, धग कळेल. मार्च-एप्रिलमध्ये समुद्राकडचा वारा उशिरा सुटला, की त्या दिवशी शहर भट्टीसारखं होतं. अशा दिवशी नऊनंतर मुलाला उन्हात ठेवू नका.

दुसरं कारण लोकलचं. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद ठेवतात, आणि तो बहुतेक वेळा अकराच्या आसपास सुरू होतो. त्याआधी परत फिरलात तर गाडीत खिडकी मिळते, नाहीतर फलाटावर मूल कडेवर घेऊन तासभर उभं राहायचं. जायच्या आदल्या रात्री वेळापत्रक बघाच. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, आणि रविवारी सकाळी साडेसहाची रिकामी लोकल ही त्याच्यासाठी अर्धी सहल असते, हे विसरू नका.

आता समुद्र. आपण मुलांना चौपाटीवर संध्याकाळी नेतो. गर्दी, भेळ, फुगेवाले, आणि कित्येकदा पाणी पार वर आलेलं. मी म्हणते, सकाळी ओहोटीला न्या. ओहोटी कधी, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही काढता येतं. कोळीवाड्यातल्या माणसांना हे तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे साधारण सहा तास आधी, सकाळी आठला ओहोटी. पुनव-अवसेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी खूप आत जातं, आणि वेळही आपल्या सोयीची. अष्टमीला मात्र ओहोटी भर दुपारी बारावर येते, तो रविवार सोडून द्या. हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या.

जुहूला अशा सकाळी ओल्या वाळूवर बाजरीच्या दाण्यांएवढे, मोहरीएवढे गोळे पसरलेले दिसतात. मध्ये एक छोटं बीळ, आणि बिळापासून चहूबाजूंना गोळ्यांच्या ओळी, कुणी रांगोळी घातल्यासारख्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं खातो आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून बाजूला टाकतो. पाऊल वाजलं की बिळात. म्हणून बसायचं, हलायचं नाही. बालवाडीतला एक मुलगा, वर्गात दोन मिनिटं एका जागी न बसणारा, तिथे उकिडवा बसून राहिला. खेकडा बाहेर आला, त्याने एक गोळा केला, दुसरा केला. पोराने श्वाससुद्धा हळू घेतला. शेवटी मला कुजबुजत विचारलं, “बाई, भरती आली की हे सगळं पुसणार?” हो म्हटलं. “मग तो उद्या परत करणार?” हो म्हटलं. आम्ही त्या दिवशी दुसरं काही बघितलं नाही, आणि बघायची गरजही नव्हती.

पावसाळ्यात हे करू नका. लाटा असतातच, शिवाय निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव वाहून येतात. वाळूवर मेलेले पडले असले तरी डंख करतात, आणि मुलाला तो फुगाच वाटतो. पावसात वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बरं, आता मेट्रोही तिथवर जाते.

आणि घारापुरी? तिथला हत्ती भायखळ्याला आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. 1864 मध्ये हलवायला गेले तेव्हा तो फुटला, मग तुकडे जोडून 1914 मध्ये पुन्हा उभा केला. भायखळा स्टेशनपासून जवळ, पायऱ्या नाहीत, आणि शेजारी राणीच्या बागेतल्या, म्हणजे प्राणिसंग्रहालयातल्या, जुन्या झाडांची दाट सावली. मुलाला म्हणा, हा हत्ती फुटला होता, कुठे जोडलाय ते शोध. पेंग्विन बघायचे असतील तर साडेनऊला बाग उघडते तेव्हा पहिल्यांदा तिथेच जा, मग गर्दी वाढते. पण एका सकाळी हत्ती किंवा पेंग्विन, दोन्ही नको. मूल सहा-सात वर्षांचं झालं की थंडीत पहिल्या लाँचने घारापुरीला न्या. तेव्हा ते स्वतः म्हणेल, आपला हत्ती इथला ना?

पिशवीत फार काही नको. तूप-गुळाची पोळी गुंडाळून, केळी, पाणी, एक सुती कपड्यांचा जोड, ओला रुमाल. दहीभात नको, उन्हात आंबतो. पाणी मागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट द्या. पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा.

जिन्यातल्या त्या ताई पुढे बसल्या आहेत. ताई, येत्या रविवारची तिथी बघून ठेवा, आपण मिळून ओहोटीची वेळ काढू. आणखी कोणाला गणित करून बघायचं असेल तर टेबलाजवळ या, मी कॅलेंडर आणलंय.