उजेडाची भोकं

(दृश्य: ग्रांडे बेट, पाण्याखालचे गंजके पत्रे)

ग्रांडे बेटापाशी पडलेलं हे मालवाहू जहाज कुणी ठरवून बुडवलेलं नाही. त्यामुळे कुठली कड धारदार, कुठला पत्रा सुटायला आलाय, हे हात लावल्यावरच कळतं. गोव्यातले बरेच डायव्हर बुडालेलं जहाज पहिल्यांदा बघतात ते इथे.

नौदलाचं जहाज मुद्दाम रीफसाठी, म्हणजे माशांना आसरा मिळावा म्हणून बुडवतात तेव्हा खरं काम धक्क्यावर होतं. टाक्यांतलं इंधन उपसायचं, टाक्या धुवायच्या. ॲस्बेस्टॉस, भिंतींचं प्लास्टिकचं अस्तर, पापुद्रे सुटलेला रंग काढायचा. केबलमध्ये तर अजिबात कुचराई नको. जुन्या केबलच्या आवरणात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं. शिवाय छतातून लोंबणारी केबल सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकली, तर ती सोडवायला स्वतःचा हात पोचत नाही. दारं उतरवायची आणि दोन्ही बाजूंना माणूस सहज निघेल एवढी भोकं कापायची. आत कुठेही असलात तरी बाहेरचा उजेड दिसलाच पाहिजे.

भोकं फार खाली पडली तरी पंचाईत. कॅनडाच्या नौदलाचं 'यूकॉन' 2000 साली सॅन डिएगोजवळ बुडवायचं होतं. आदल्या रात्रीच खवळलेल्या समुद्राचं पाणी भोकांतून शिरलं आणि जहाज डाव्या कुशीवर पडलं. तिथे आता जिने आडवे आहेत.

(दृश्य: रीळ आणि गाठ, अगदी जवळून)

आत शिरताना परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीच्या रिळाची पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराच्या लगेच आत. दोरी ताणलेली हवी, पण कालवांच्या शिंपल्यांवर घासणारी नको, कापली जाते. लोखंडाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. हवेचा एक तृतीयांश जायला, तेवढाच यायला, उरलेला राखीव. म्हणजे सिलिंडरमध्ये 200 बार दाब घेऊन उतरलात तर 133 पर्यंत न थांबता 140 लाच वळायचं. समोर मोठा गोब्रा मासा असला तरी. पायातलं फिन वरखाली मारलं की गाळ उठतो, आणि नुसत्या बुडबुड्यांनीही छताचा गंज झडतो. मांडवी-जुवारीच्या गाळामुळे आमच्याकडचं पाणी आधीच गढूळ. त्यात हातातलं हवेचा दाब दाखवणारं गेजही दिसेनासं होतं.

(दृश्य: तांबोशींचा थवा)

मासे अशा जहाजांवर वाढतात की आजूबाजूचे येऊन जमतात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

गोव्याच्या उत्तरेला, निवतीच्या समुद्रात कृत्रिम रीफ करण्यासाठी महाराष्ट्राने नौदलातून 2024 साली निवृत्त झालेली युद्धनौका 'गुलदार' घेतली आहे. तिच्यावर उतरायची वेळ येईल तेव्हा माशांची यादी नंतर विचारा. आधी भोकांचा नकाशा मागून घ्या.